एका शब्दाचा कारभार

१९९९ साली कारगिलच्या शिखरांवर ठाण मांडून बसलेल्या सशस्त्र माणसांना मराठी वृत्तपत्रांनी ‘घुसखोर’ म्हटले, तेव्हा तो शब्द नेमका होता. तोच शब्द आज अमेरिकेत व्हिसाची मुदत संपल्यावर हॉटेलात भांडी घासत राहिलेल्या माणसालाही निमूट लावला जातो, आणि भाषेवर पोट असलेले आपण सारे पान उलटतो. आमचे भांडण या निमूटपणाशी आहे.

शब्दानेच निकाल दिला की कायदा काय म्हणतो हे पाहण्याची गरज उरत नाही. वास्तविक, हद्दपारीस पात्र परकीयाचे नुसते देशात राहणे हा सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली ॲरिझोनाच्या खटल्यात नमूद केले आहे.

‘कायदा म्हणजे कायदा’ असे बजावणाऱ्यांनी त्याच ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीकडे पाहावे. जो आर्पायो तेथे १९९३ पासून २०१६ अखेरपर्यंत शेरीफ, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले पोलीसप्रमुख, होते. कैद्यांना वाळवंटी उन्हात तंबूंत ठेवायचे, गुलाबी अंतर्वस्त्रे घालायला लावायची आणि वर त्याचा गवगवा करायचा, अशी त्यांची ख्याती. (मते मिळत होती, हे विसरू नये.) त्यांची माणसे क्षुल्लक कारणाने गाड्या अडवीत आणि चेहरा पाहून कागद मागत. २००७ साली याविरुद्ध दावा दाखल झाला. २०१३ साली न्यायालयाने हा वर्तनक्रम वांशिक भेदभावाचा व घटनाबाह्य ठरवला. केवळ बेकायदा वास्तव्याच्या संशयावरून कोणाला अडकवून ठेवू नये, हा आदेश त्याआधीच निघाला होता. तो जाणूनबुजून मोडल्याबद्दल जुलै २०१७ मध्ये आर्पायो फौजदारी अवमानाचे दोषी ठरले. शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. कायदा कोणी मोडला?

हा जाब न्यायालयाने आपण होऊन विचारलेला नव्हता. फिनिक्सच्या वस्त्यांतील माणसे कॅमेरे घेऊन छाप्यांच्या मागे गेली, न्यायाधीशाच्या सहीच्या वॉरंटाशिवाय दार उघडणे बंधनकारक नाही हे घरोघर सांगत फिरली. ज्यांना स्वतःला मताधिकार नव्हता अशा तरुणांनीही २०१६ साली शेजाऱ्यांची मते जमवली, आणि आर्पायो पडले. देशाला सीमा असाव्यात की नसाव्यात, हा त्यांचा मुद्दाच नव्हता. गणवेशातल्या माणसाने हिशेब द्यावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

मराठीच्या वर्गात हे परके वाटू नये. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाडांनी तो शिक्काच ‘उचल्या’ म्हणून पुस्तकावर छापला. ते पुस्तक आपण शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो, गुण देतो. आणि घरी येऊन ‘घुसखोर’ वाचतो, तेव्हा त्या अभ्यासाचे काय होते?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. प्रवासभर हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या असल्याचे परतलेल्यांनी सांगितले. त्यांत महाराष्ट्रातलीही माणसे होती. त्यांना काय म्हणायचे, ते ‘घुसखोर’वाल्यांनी एकदा छापून टाकावे.