श्वासातले औषध मुरते कसे?

झाशीतील मराठी कुटुंबांची वस्ती फार जुनी. नेवाळकरांच्या काळी दक्षिणेतून तेथे गेलेल्या घराण्यांचे वंशज आजही त्या शहरात नांदत आहेत. अशाच एका घरी, आमच्या आत्याबाईंकडे, वैशाखात जाणे झाले. लूचे दिवस, त्यात गावाबाहेरच्या खडी फोडणाऱ्या यंत्रांचा धुरळा. आत्याबाईंना दम्याचा विकार. डॉक्टरांनी दोन पंप दिलेले : एक धाप लागल्यावर घ्यावयाचा, दुसरा रोजचा. पहिला सदैव उशाशी. दुसरा मात्र फडताळात धूळ खात पडलेला. विचारले, तर म्हणाल्या, ''त्याने काही वाटतच नाही. वाफ आत गेली नि बाहेर आली. आत राहते काय?''

प्रश्न मोठा मार्मिक आहे. असा पंप प्रथम 1956 साली अमेरिकेत विक्रीस आला. एका औषध-कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने, केसांवर मारावयाच्या फवाऱ्याप्रमाणे माझे औषध का मिळू नये, असे विचारले आणि त्यातून ही युक्ती निघाली. तिचे मर्म असे की, गोळीवाटे 4 मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल द्यावे लागते, तेथे फवाऱ्याने 0.2 मिलिग्रॅम पुरते. कारण औषध थेट जागेवर पोचते.

परंतु पोचणे निराळे, टिकणे निराळे. 5 मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक घशातच अडकतात. फार सूक्ष्म कणांपैकी पुष्कळसे उच्छ्वासाबरोबर परत येतात. मधल्या आकाराचे कण श्वासनलिकांत बसतात. तेथेही त्यांना स्वस्थता नसते. नलिकांच्या अस्तरावरील सूक्ष्म रोम कफाचा थर सतत घशाकडे लोटत असतात, आणि फुप्फुसांतून मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त वाहत असल्याने शोषलेले औषध भराभर वाहून जाते.

साल्ब्युटामॉल पाण्यात सहज विरघळते. म्हणून ते काही मिनिटांत आराम देते आणि चार-सहा तासांत ओसरते. साल्मेटेरॉलला मात्र स्निग्धतेची ओढ असते. पेशींच्या स्निग्ध आवरणात ते रुतून बसते आणि बारा तासांपर्यंत काम देते. ब्युडेसोनाइड नावाच्या दाहशामक औषधाची रीत तर अधिकच नवलाची. पेशीत शिरताच त्याचा काही भाग मेदाम्लाशी जोडला जातो. अशा जोडलेल्या रूपात ते निष्क्रिय असते. पण पुढे तो सांधा हळूहळू सुटतो आणि औषध पुन्हा कामास लागते. सुगीचे धान्य कणगीत भरावे आणि रोज पसाभर काढावे, तसाच हा प्रकार! मात्र रोजची भर थांबली की कणगी रिती होते, नलिकांची सूज पुन्हा वाढते, आणि धापेच्या पंपावरचा भार वाढत जातो. धापेचा पंप वरचेवर घ्यावा लागणे ही धोक्याची सूचना होय, हे ध्यानी ठेवावे.

दगडाची धूळही अशीच आत राहते. पण ती विरघळत नाही आणि कोणत्याही पंपाने निघत नाही. म्हणून खडीच्या कामावर असणाऱ्यांनी धूळ आत जाऊच न देणे हाच उपाय.

कृती सोपी आहे. फवाऱ्याचा पंप नीट हलवावा, पूर्ण उच्छ्वास सोडावा, दाबताच सावकाश खोल श्वास घ्यावा आणि दहा अंक मोजेपर्यंत रोखून धरावा. रोजच्या पंपानंतर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही. बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नये.

आत्याबाईंनी हे सारे शांतपणे ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो फडताळातला पंप दंतमंजनाच्या डबीशेजारी येऊन बसला होता. आपल्या घरातला पंप कोठे आहे, हे आज अवश्य पाहावे.