मिठाला जागणाऱ्या ग्रंथी

दिवाळीच्या अंकात आजारपणावर लिहिणे म्हणजे चिवड्यात कोयनेल कालवणे, असे आमच्या मंडळींचे स्पष्ट मत आहे. मत बरोबर असेलही. पण या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. यंदाचा आजार तसा विरळा. तरी त्याच्यावर लिहितो, कारण तो घरात आजार म्हणून शिरतच नाही. आळस, नाजूकपणा, रोजची कुरकुर अशा वेषात तो शिरतो, आणि औषधाच्या आधी माणसाच्या वाट्याला बोलणी येतात.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपी ठेवावी तशी एकेक ग्रंथी बसलेली असते. वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्यात मावणाऱ्या साखरेइतके. पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात अ‍ॅड्रीनल. तिच्या वरच्या सालीतून जी संप्रेरके रक्तात उतरतात, त्यांत दोन महत्त्वाची. कॉर्टिसॉल पहाटे चढते आणि मध्यरात्री उतरते. उपासात रक्तातली साखर सावरणे, ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी रक्तदाब टिकवणे हे त्याचे काम. दुसरे अल्डोस्टेरॉन. ते मूत्रपिंडाला बजावते, की मीठ बाहेर जाऊ देऊ नकोस. खाल्ल्या मिठाला जागणे आपण माणसांकडून अपेक्षितो. या ग्रंथी ते अक्षरशः करतात.

त्या हळूहळू सुकत गेल्या तर काय होईल? लघवीवाटे मीठ जाते, मिठामागे पाणी जाते. रक्तदाब खाली येतो. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटॅशियम मात्र अंगात साठू लागते. अन्नावरची वासना उडते, वजन घटते, मळमळ सुरू होते, हातापायांतले त्राण जाते. हे सारे एका दिवसात घडत नाही. महिने, कधी वर्षे जातात, म्हणून तर कोणाच्या लक्षात येत नाही.

काही वर्षांपूर्वी एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. तक्रार अर्थात सासूबाईंनीच सांगितली. “डॉक्टर, हिला सकाळी उठवत नाही. दोन घास जात नाहीत. आणि लोणच्याच्या बरणीतला खार तेवढा चमच्याने पिते! डोहाळे म्हणावेत तर तेही नाही. लग्नात कशी गोरी होती, आता बघा. गच्चीवर उन्हात जाऊ नकोस म्हटले तर ऐकत नाही.”

ऊन तळहाताच्या रेषांत शिरत नाही, हिरड्यांवरही पडत नाही. या मुलीच्या तळहाताच्या रेषा शाईने ओढल्यासारख्या दिसत होत्या, हिरड्यांवर काळसर डाग होते, आणि लहानपणच्या जखमेचा व्रणसुद्धा काळवंडला होता. याचे कारण मोठे मौजेचे आहे. ग्रंथी काम करीनाशी झाली, की मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी तिला एसीटीएच नावाचे हुकूम सोडत राहते, आणि उत्तर येत नाही म्हणून वाढते हुकूम सोडते. हा हुकूम ज्या रेणूतून निघतो त्यातूनच त्वचेला रंग देणारी द्रव्येही निघतात, आणि रंगपेशींना हुकूमही कळतो. बहिऱ्याला हाका मारल्या आणि शेजारी जागे झाले, असा हा प्रकार. तिचा रक्तदाब आधी निजवून आणि मग उभे करून मोजला. उभे राहताच तो कोसळला. रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, सकाळी आठचे कॉर्टिसॉल अगदी तळाला. मुळाशी निघाला क्षय. पाश्चात्त्य देशांत आज हा आजार बहुधा शरीराच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्यामुळे होतो. आपल्याकडे क्षय आणि हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी ही कारणे अजून विसरून चालत नाही.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 साली अकरा रुग्णांची हकीकत छापली, म्हणून याला अ‍ॅडिसनचा रोग म्हणतात. संप्रेरक हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. डोळ्यांनी पाहिले, मृत्यूनंतर शरीर उघडून पाहिले आणि लिहिले. उपाय मात्र पुढे कित्येक दशके सापडला नाही. केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना या ग्रंथीच्या संप्रेरकांवरील कामासाठी 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच सुमारास कॉर्टिसोन रुग्णांच्या हाती आले. जॉन केनेडी यांच्या आजाराचे निदान 1947 साली झाले होते. ते 1961 साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते ही औषधे घेतच. मतदारांना मात्र पत्ता लागू दिला नव्हता. राजकारण्यांचे आजार हा वेगळा विषय. असो.

लोणच्याच्या खारावरून मला नेहमी बाल्टिमोरचा एक मुलगा आठवतो. त्याची हकीकत 1940 साली प्रसिद्ध झाली. वय साडेतीन वर्षे. तो जे खाई ते खारट, आणि नुसते मीठही खाई. बोलू लागला तेव्हाच्या पहिल्या काही शब्दांत ‘मीठ’ हा शब्द होता. आईबापांनी हट्ट पुरवला. पुढे दुसऱ्याच लक्षणासाठी त्याला रुग्णालयात ठेवले. तेथे शिस्तीप्रमाणे सर्वांचे जेवण त्यालाही मिळाले, आणि आठवडाभरात मूल गेले. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी जन्मापासून बिघडलेल्या होत्या, हे मागाहून उघड झाले. ते पोर तीन वर्षे स्वतःचे औषध स्वतः मागत होते.

आज औषध साधे आहे. दिवसाला 15 ते 25 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, दोन-तीन वेळांत विभागून, मोठा वाटा सकाळी उठल्याबरोबर. जोडीला मीठ धरून ठेवणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन, बहुधा मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. स्टेरॉइड म्हटले की लोक दचकतात. पण घरची विहीर आटली म्हणून पाणी बाहेरून भरायचे, यात दचकण्यासारखे काय आहे? बहुतेकांना ते जन्मभर भरावे लागते, एवढेच. खरे जपायचे ते निराळे. ताप आला की निरोगी शरीर कॉर्टिसॉल कित्येक पटींनी वाढवते. या रुग्णाला ते जमत नाही, म्हणून डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे त्या दिवसांत गोळ्या दुप्पट-तिप्पट घ्यायच्या. उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल तर 100 मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि तडक रुग्णालय. तेथे उशीर झाला तर माणूस काही तासांत हातचा जातो. त्या सूनबाईंच्या पर्समध्ये आता आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते. इंजेक्शन द्यायला सासूबाई शिकल्या आहेत.

याच आजाराचा एक भाऊ आपण स्वतः घरात आणतो. दम्यासाठी, सांध्यांसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतले, की पोषग्रंथीचे हुकूम थांबतात आणि अधिवृक्क ग्रंथी झोपी जाते. मग बरे वाटले म्हणून गोळी एकाएकी बंद केली, की तोच थकवा, तीच अंधारी. रंग मात्र काळवंडत नाही, म्हणून ओळखणे अधिक कठीण. या गोळ्या सोडायच्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरी-पायरीने. गुडघेदुखीवर जादूसारखे गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि घेणाऱ्या आजोबांना त्याची कल्पना नसते. तेव्हा पुडी बंद केल्यावर आजोबा अंथरुणाला खिळले, तर उरलेली पुडी फेकू नका. आजोबांबरोबर तीही दवाखान्यात घेऊन या.