विश्लेषण : ॲल्युमिनियम चाकांवरचे जुने क्रोम उतरवणे जोखमीचे का?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सजावटीच्या क्रोम मुलाम्यासाठी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वापरण्यावर १ जानेवारी २०२७ पासून बंदी लागू करण्याचे ठरले आहे. त्यामुळे चकचकीत क्रोमचे दिवस सरत चालल्याची चर्चा आहे. मात्र यापूर्वी लाखो चाकांवर चढलेल्या क्रोमचे काय, हा प्रश्न उरतोच. हा थर सुटू लागला की तो काढावा लागतो, आणि काढण्याचे काम चढवण्याइतकेच धोक्याचे ठरू शकते.

निर्णय काय आहे?

कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने मे २०२३ मध्ये क्रोम मुलाम्याचे नियम कडक केले. सजावटीच्या कामासाठी मुदत २०२७ ची आहे. इमारत बंदिस्त करण्याच्या अटी पाळणाऱ्या कारखान्यांना २०३० पर्यंत सवलत आहे. यंत्रभागांवरील जाड, टणक क्रोमसाठी २०३९ ची मुदत आहे. पर्याय म्हणून ट्रायव्हॅलंट क्रोमियम वापरता येते. ते हेक्झाव्हॅलंटच्या तुलनेत बरेच कमी घातक आहे.

विष नेमके कशात?

चाकावर दिसणारे क्रोम हे धातुरूप असते. त्याला हात लावल्याने काही होत नाही. धोका असतो तो मुलाम्याच्या टाकीतील क्रोमिक ॲसिडमध्ये. टाकीतून वीज सोडल्यावर बुडबुडे उठतात आणि त्याबरोबर हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचे सूक्ष्म तुषार हवेत जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या संयुगांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. मुख्य धोका फुप्फुसाच्या कर्करोगाचा. मुलाम्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या नाकाच्या पडद्याला छिद्र पडल्याच्या नोंदीही जुन्या आहेत.

क्रोम सुटते का?

क्रोम थेट ॲल्युमिनियमवर बसत नाही. आधी जस्ताचा पातळ थर, मग तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोम अशी रचना असते. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असू शकतो. खरी जाडी निकेलची असते. दगड लागून चरा पडला किंवा रस्त्यावरचे मीठ आणि पाणी आत शिरले, की निकेल-तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्यात सूक्ष्म विद्युतघट तयार होतो. त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. वरचा मुलामा फुगतो आणि पापुद्रे निघतात. टायर जिथे रिमला घट्ट बसतो तिथे हे घडले तर हवा हळूहळू गळू लागते. अशा वेळी क्रोम काढणे ही केवळ हौस राहत नाही.

उतरवताना अडचण कुठे येते?

पोलादी बंपरवरचे क्रोम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उलटा विद्युतप्रवाह देऊन काढतात. ॲल्युमिनियमसाठी ही पद्धत चालत नाही, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच खातो. शिवाय या पद्धतीत धातुरूप क्रोम विरघळून पुन्हा हेक्झाव्हॅलंट रूपात द्रावणात उतरते. म्हणजे बंदी ज्या विषावर आहे, तेच उलट्या वाटेने परत येते.

हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये क्रोम पटकन विरघळते आणि ट्रायव्हॅलंट रूपात जाते. पण छिद्रातून ॲसिड खाली पोहोचले की ॲल्युमिनियमवर जोरदार प्रक्रिया होते. उष्णता आणि ज्वलनशील हायड्रोजन बाहेर पडतो. निकेल मात्र बराच काळ तसेच राहते. म्हणून जाणकार कारखाने तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये नियंत्रित विद्युतप्रवाह देऊन निकेल आणि तांबे काढतात, किंवा नायट्रिक ॲसिड वापरतात. तीव्र नायट्रिक ॲसिडमध्ये ॲल्युमिनियमवर संरक्षक थर टिकतो, पण निघणारा तपकिरी धूर फुप्फुसांना घातक असतो. त्यासाठी धूर ओढून घेणारी यंत्रणा हवीच.

घरी करता येईल का?

बाथरूम साफ करायचे ॲसिड ओतून क्रोम काढणे सोपे वाटते. प्रत्यक्षात चाकावर खड्डे पडतात, धूर श्वासात जातो आणि धातूचे क्षार गटारात जातात. पॉलिश पेपर मारल्यास क्रोम आणि निकेलची धूळ उडते. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. अर्धवट निघालेल्या निकेलवर रंग मारला तर तोही थोड्या दिवसांत पापुद्र्यासह सुटतो.

महाराष्ट्रात स्थिती काय?

आपल्याकडे खरा क्रोम मुलामा असलेली ॲल्युमिनियम चाके तुलनेने कमी आहेत. पण मुलामा चढवणारी-उतरवणारी लहान युनिट औद्योगिक वसाहतींत आहेत आणि त्यांच्यासाठी नियमही आहेत. नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. वापरलेली द्रावणे आणि गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात. तो कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी यांसारख्या प्रक्रिया केंद्रांकडे जायला हवा. त्याआधी हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचे ट्रायव्हॅलंटमध्ये रूपांतर करून, चुन्याने गाळ खाली बसवावा लागतो. या सगळ्याला खर्च येतो. ‘स्वस्तात करून देतो’ म्हणणारा हा खर्च बहुधा कामगाराच्या छातीवर किंवा नाल्यावर टाकत असतो.

गाडीमालकाने काय विचारावे?

आधी चाकावरचा थर खरा मुलामा आहे की वर चिकटवलेले प्लास्टिकचे आवरण, हे तपासावे. दुसऱ्या प्रकारात ॲसिडचा प्रश्नच येत नाही. मग कारखान्याला तीन गोष्टी विचाराव्यात : प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आहे का, वापरलेले द्रावण कुठे जाते, आणि निकेलसह सर्व थर निघणार का. उतरवल्यानंतर स्पोक किंवा नटाच्या जागी खोल खड्डे, तडे दिसले तर ते चाक रंगवून पुन्हा लावू नये. पावडर कोटिंग करताना भट्टीचे तापमान आणि वेळ मर्यादेत ठेवायला सांगावे, कारण जास्त तापल्याने मिश्रधातूची ताकद घटते.

कॅलिफोर्नियाची बंदी नव्या मुलाम्याचा प्रश्न सोडवेल. जुना मुलामा मात्र येती अनेक वर्षे सुटत राहणार आहे. तो कुठे आणि कोणाच्या हातून निघतो, यावर नजर ठेवली नाही तर विष फक्त जागा बदलेल.