डोळे खाल्ले गेले, तुम्ही पाने मोजलीत

मा. तालुका कृषी अधिकारी यांस,

द्राक्षबागांच्या पंचनाम्याचा आमचा अर्ज तुमच्याकडे आहे, त्यावरची स्मरणपत्रेही आहेत. तुमचे उत्तर एका ओळीचे आले: पाने खाणाऱ्या किडीमुळे झालेले नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा कमी, सबब प्रकरण निकाली.

साहेब, पानांची तक्रार आम्ही केलीच नव्हती. गोडी छाटणी झाली, डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावून झाली, डोळा फुगून कापसासारख्या लवेतून बाहेर पडू लागला की उडद्या तो कोरून खातो. पाच मिलिमीटरही न भरणारा, तांबूस चकाकीचा हा भुंगेरा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत जी घडनिर्मिती होते, ती त्या डोळ्यात असते. डोळा गेला की त्याचा घड वर्षभरासाठी गेला. शेजारचा दुय्यम डोळा फुटतो, पाला देतो. घड येईलच याची खात्री नसते. तुमचे सहायक आले तेव्हा बाग हिरवीगार झाली होती. त्यांनी पानांवरची भोके पाहिली आणि कागद भरला. रिकाम्या काड्या दाखवत होतो, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

आता हिशोब बघा. ९ बाय ५ फुटांवर एकरी ९६८ वेली. वेलीला ३० घड धरले तर २९,०४०. पाच डोळ्यांमागे एक गेला तर ५,८०८ घड गेले. ३०० ग्रॅमचा घड धरला तरी १,७४२ किलो माल. खत, औषध, मजुरीचा खर्च पूर्ण बागेवर झालेला असतो, त्यात एका रुपयाची सूट नाही. हे नुकसान तुमच्या लेखी २० टक्के, म्हणजे शून्य. आणि ३३ टक्के ओलांडले तरी केंद्राच्या निकषांत बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, एकरी साधारण ९,१००, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. फळपीक विम्याकडे बोट दाखवू नका. तो हवामानावर आधारलेला आहे, उडद्याला त्यात जागा नाही. आपत्तींच्या केंद्रीय यादीत कीड-प्रादुर्भाव आहे, म्हणून तर तुमच्या दारात आलो.

मूळ दोष तुमच्या ‘पाने खाणारी कीड’ या एका रकान्यात आहे. उडद्याच्या, म्हणजे पर्णभुंगेऱ्यांच्या कुळात ३५,००० हून जास्त प्रजाती नोंदल्या आहेत आणि त्यांच्या खाण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. काकडी-भोपळ्याचा तांबडा भुंगेरा कोवळी दलपत्रे फस्त करतो, त्याची अळी जमिनीत मुळे खाते. भातावरचा काटेरी हिस्पा पानाचा हिरवा थर खरवडतो, त्याची अळी पानाच्या आत पोखरत जाते. उडद्या वेलीच्या सुट्या सालीखाली लपतो, तिथेच त्याची मादी अंडी घालते. याच कुळातला मेक्सिकन भुंगेरा गाजरगवत खातो; त्यासाठीच तो १९८० च्या दशकात परदेशातून आणला. मागच्या पावसाळ्यात तुमच्याच कार्यालयाने बांधावरच्या त्या भुंगेऱ्यांवर फवारणी करायला सांगितले! आपल्याकडच्या या कुळावर मार्टिन जेकोबींचा ग्रंथ १९०८ साली निघाला. शंभर वर्षांनंतरही तालुक्याच्या कार्यालयात शत्रू कोण आणि सोबती कोण हे ओळखता येत नसेल, तर ही अनास्था आहे, दुसरे काही नाही.

आमचे म्हणणे थोडके आहे. छाटणीनंतर पंधरा दिवसांच्या आत पाहणी व्हावी. पाने नव्हे, काडीवरचे खाल्लेले डोळे मोजावेत. पंचनाम्यावर किडीचे नाव लिहावे, बागायतदाराची सही घ्यावी. छाटणीआधी सुटी साल काढण्याचा आणि सकाळी वेली हलवून भुंगेरे गोळा करण्याचा सल्ला वेळेवर गावात पोहोचवावा. यासाठी कुठल्याही निधीची वाट पाहावी लागत नाही.

निकाली काढलेले प्रकरण पुन्हा उघडा. सप्टेंबरअखेर गोडी छाटण्या सुरू होतील, त्याआधी आम्हाला लेखी उत्तर हवे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार