थरथर भीतीची नव्हे, व्याधीची

औंढा नागनाथच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये संमती दिली. अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींचे सूक्ष्मातिसूक्ष्म कंप येथे टिपले जातील. हिंगोली जिल्ह्याला अभिमान वाटावा, अशीच ही गोष्ट. मात्र त्याच जिल्ह्यातील एखाद्या गृहिणीचे हात थरथरू लागले, तर त्या थरथरीचे कारण शोधण्याची तसदी समाज घेतो का?

हातांना कंप, छातीत धडधड, उकाडा असह्य होणे, भूक असूनही वजन घटणे, झोप उडणे ही थायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेची लक्षणे होत. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ही व्याधी कितीतरी अधिक आढळते. पण घरात ती बाई ‘भित्री’ किंवा ‘चिडकी’ ठरते. कुणी अंगारा लावतो, कुणी झोपेची गोळी देतो. नागनाथाच्या दर्शनाने मनाला बळ मिळते, यात शंका नाही. निदान मात्र रक्ततपासणीनेच होते.

ही तपासणीही समजून घ्यायला हवी. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ‘टीएसएच’ या संप्रेरकाद्वारे थायरॉइडला काम करण्याची आज्ञा देते. थायरॉइड अतिरेक करू लागली की ही आज्ञा थांबते. म्हणूनच टी-३ व टी-४ वाढलेले आणि सर्वसाधारणपणे ०.४ ते ४ असणारे टीएसएच जवळपास शून्यावर, असे चित्र दिसते. खाली गेलेला तो आकडा पाहून ‘थायरॉइड कमी आहे’ असा उलटा अर्थ लावणे आणि शेजारणीच्या गोळ्या सुरू करणे म्हणजे आगीत तेल ओतणे. काहींमध्ये टी-४ प्रमाणात असून केवळ टी-३ वाढते. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. दुर्लक्षाची किंमत हृदयाला, हाडांना आणि गर्भवतीच्या बाळालाही मोजावी लागते.

उपचार देशातच आहेत. गोळ्यांनी बहुतेकांना उतार पडतो. लायगो प्रकल्पात सहभागी असलेल्या अणुऊर्जा विभागाचेच परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून किरणोत्सारी समस्थानिकांच्या वैद्यकीय उपयोगाचे कार्य करीत आहे. हिंगोलीतही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आता सेनगाव, कळमनुरीच्या रुग्णालयांतही लक्षणे असणाऱ्यांना या तिन्ही चाचण्या मिळाव्यात, असा आग्रह लोकांनीच धरला पाहिजे.

कार्यकर्त्यांनीही आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर मोजून थांबू नये. शांत बसलेल्या भगिनीची नाडी मिनिटाला शंभराहून अधिक पडत असेल आणि हात थरथरत असतील, तर तिला डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. सेवेचा प्रारंभ तिचे म्हणणे खरे मानण्यापासून होतो.