जुन्या गाडीचं टायमिंग चढावर बघा



आज हवामान नाही की बाजारभाव नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून कारब्युरेटरवाली मारुती ८००, ओम्नी किंवा पेट्रोल जीप आहे. बियाणं, भाजीपाला, आजारी माणूस, सगळं त्यातूनच जातं. त्या गाड्यांबद्दल चार शब्द. हे माझं स्वतःचं मत आहे, कंपनीचा ठराव नव्हे.

माझी ओम्नी गेल्या थंडीत एका गॅरेजात दिली होती. मिस्त्रीनं गाडी जागेवर चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर फिरवला, इंजिनाचा आवाज चढला, म्हणला "बघा, पळायला लागली." मलाही बरं वाटलं. मे महिन्यात तुरीची पोती भरून माहूरकडं निघालो. सारखणी सोडल्यावर चढाला दाबली की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. म्हणलं, जुनी गाडी आहे, वाजणारच. तसंच दामटलं. परत येईपर्यंत एक पिस्टन फुटला होता. खर्च सांगत नाही, घरात अजून त्यावरून बोलणं होतं.

चूक मिस्त्रीची होती तशी माझीही होती, कारण तो आवाज मी ऐकला होता.

आता हे होतं कसं ते बघा. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोल जळायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक १८ अंश पुढं गेलेला असतो. जागेवर ८०० फेऱ्यांना तोच क्रँक तेवढ्या वेळात ५ अंशही जात नाही. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या आत वजनं आणि स्प्रिंगा असतात, वेग वाढला की त्या ठिणगी आधी पाडतात. शिवाय व्हॅक्यूमची नळी असते. वजनं गंजून अडकली किंवा नळी चिरली, तर जागेवर सगळं झकास आणि रस्त्यावर बोंब.

जागेवर टायमिंग आगाऊ केलं की फेरे वाढतातच. ती काही इंजिन सुधारल्याची खूण नाही. कानावर विसंबून जागेवर लावलेलं टायमिंग बहुतेक वेळा गरजेपेक्षा आगाऊच बसतं. टायमिंग लाइट मात्र जरूर लावून घ्या, बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे त्यावर आधी आणा. पण सिलिंडरात किती कार्बन साठलाय, ते त्या लाइटला दिसत नाही. परभणीच्या विद्यापीठाची शिफारस आपण मानतो, तरी नवं वाण आधी एका पट्ट्यात लावून बघतोच की नाही? तसंच हे.

रस्त्यावर बघायची माझी रीत अशी. आधी टॅपेट, पॉइंटचा गॅप, प्लग, एअर फिल्टर नीट करून घ्या. ते बिघडलेलं असताना टायमिंग फिरवणं म्हणजे पाणी साचलेल्या रानात युरिया टाकणं. इंजिन चांगलं तापू द्या. रोज नेता तेवढं वजन गाडीत ठेवा. आणि वेळ दुपारची घ्या! गार सकाळी जमलेलं टायमिंग आपल्या उन्हात नॉक करतं. मोकळा, सरळ, थोडा चढाचा रस्ता शोधा. गाडी चौथ्या गिअरात तीसेकच्या वेगानं धरून ॲक्सिलेटर पूर्ण दाबायचा. एकानं चालवायचं, शेजारच्यानं ऐकायचं, रेडिओ बंद.

क्षणभर अगदी बारीक किटकिट होऊन वेग आला की गेली, तर हद्दीवर आहात. तिथून केसभर मागं घ्या. आवाज चालूच राहिला तर टायमिंग बरंच आगाऊ आहे, पाय उचला, अजून मागं घ्या. आवाज मुळीच नाही, पण गाडी ओढत नाही, इंजिन लवकर तापतं, पेट्रोल जास्त लागतं, तर टायमिंग मागं पडलंय. फिरवायच्या आधी खिळ्यानं खूण करा. डिस्ट्रिब्युटर १ अंश फिरला तर क्रँकवर २ अंशांचा फरक पडतो, म्हणून हात हलका. गाडी थांबवून, इंजिन बंद करूनच फिरवा आणि नट कसायला विसरू नका.

काही जण विचारतील, आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल आहे, मग? इथेनॉलनं नॉक उलट कमी होतो. पण जुन्या कारब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ पडतं, गाडी धक्के खाते, जुने रबरी पाइप लवकर खराब होतात. तो इलाज कारब्युरेटरचा आहे, टायमिंग फिरवून होणार नाही. गॅस किट असलेल्यांनी टायमिंग पेट्रोलवरच बघावं. गॅसला ते जास्त आगाऊ चालतं, पण त्यावर लावलं आणि मधेच पेट्रोलवर गेलात की ठोके सुरू. (घरचं सिलिंडर गाडीला लावणाऱ्यांशी मी वेगळं भांडणार आहे.)

इंजेक्शनवाल्या गाड्यांत टायमिंग कॉम्प्युटर बघतो, तिथं कोणाला हात लावू देऊ नका. ट्रॅक्टर डिझेलचा, त्याला ठिणगीच नाही. त्याच्या पंपाचं टायमिंग हे रस्त्यावर करायचं काम नव्हे.

गॅरेजवाल्या भाऊंना एकच विनंती: ट्यूनिंगचे पैसे घेता, तर गिऱ्हाइकाला शेजारी बसवून एक फेरी मारा. वरचे पैसे मागितले तरी आम्ही देऊ. आणि सभासदांनो, तुम्हीही "फेरी मारल्याशिवाय गाडी नेणार नाही" म्हणायला लाजू नका.

कोणाच्या गाडीचा आवाज ओळखू येत नसेल तर चढावर शेजारी बसलेल्यानं मोबाइलवर रेकॉर्ड करून इथंच पाठवा. कापूस वेचणीच्या आधी पाठवलात तर बरं, नंतर मलाही ऐकायला वेळ नसतो.