मल्टीतला गणपती कोणाचा?

श्रावण लागला की इंदुरात रहवासी संघांच्या बैठका भरू लागतात. आधी पाण्याची मोटर, मग लिफ्टची दुरुस्ती आणि सर्वांत शेवटी, चहाचे कप गोळा होत असताना, गणेशोत्सव. वर्गणी किती, मूर्ती केवढी, मंडप पार्किंगमध्ये की बगिच्यात, हे प्रश्न दहा मिनिटांत निकालात निघतात. अलीकडे मात्र या बैठकांविषयी सभासदांकडून एक नवीच गोष्ट कानावर येते आहे. निपानिया, बिचोली आणि बायपासच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मोठ्या वसाहतींत राहायला गेलेल्या काही मराठी कुटुंबांना आता स्वतःचा वेगळा गणपती बसवावासा वाटतो. कॉलनीच्या मंडपात आरती उरकली जाते, मंत्रपुष्पांजली सुरू होताच मागे कोणी तरी तंबोल्याची तिकिटे वाटू लागतो, आणि रात्री जे वाजते त्याचा गणपतीशी काडीचा संबंध नसतो, असे त्यांचे म्हणणे.

तक्रार खोटी नाही. उपाय मात्र आम्हाला मान्य नाही. ज्या मंडपावर मराठी लोकांचा गणपती अशी पाटी लागेल, तो दोन वर्षांत चार घरांचा गणपती होऊन बसेल, आणि या शहरात वाडवडिलांनी जे कमावले ते आपण आपल्या हाताने परत केल्यासारखे होईल.

काय कमावले, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. १८९३ पासून लोकमान्यांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. होळकर संस्थानातील मराठी वस्तीलाही तो वारा लागला. पण इंदूरचा उत्सव पुण्याची नक्कल होऊन राहिला नाही, याचे श्रेय कापड गिरण्यांच्या कामगारांना आहे. हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, होप! त्यांच्या खात्यांत काही मराठी, काही माळवी, आणि बरेचसे उत्तर प्रदेश-राजस्थानातून पोटासाठी आलेले लोक होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री त्यांनी झांक्या काढल्या, पुढे आखाडे चालले, आणि सारे शहर रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून पहाटेपर्यंत जागू लागले. डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद मिलला टाळे लागले. पाठोपाठ बाकीच्याही गेल्या. हुकुमचंदच्या कामगारांच्या थकबाकीचा २२४ कोटींचा धनादेश निघाला तो डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तोवर त्यांतले कित्येक या जगात राहिले नव्हते. या सगळ्या काळात, कोरोनाची दोन वर्षे सोडली तर, झांकी थांबली नाही. कामगारांनी चंदा मागितला, पालिकेकडून आणि इतर संस्थांकडून मदत घेतली, बंद गिरणीच्या आवारात रात्री जागून बांबू बांधले. त्यांतल्या कितीजणांची मातृभाषा मराठी, हे लेकराला खांद्यावर घेऊन झांकी पाहणाऱ्या माणसाने कधी विचारले नाही.

म्हणजे आपला उत्सव साऱ्या शहराचा झाला त्याला पिढ्या लोटल्या. आता वसाहतीत त्याला पुन्हा आपल्यापुरता करून घेण्यात कसले आले आहे अस्मितारक्षण?

मग कॉलनीच्या मंडपात आपले कोणी ऐकत का नाही? कारण आपण बैठकीला जात नाही. रामबाग, नारायण बाग किंवा लोकमान्य नगरात राहात होतो तोवर जाण्याची गरज नव्हती. उठल्याबसल्या भेटणारी माणसे आपलीच होती. आता एका मजल्यावर चार दारे आणि चार प्रांत. घरी गणपती, मग महालक्ष्म्या, सवाष्ण-ब्राह्मण, पुरणाचा नैवेद्य, यांत दमलेली बाईमाणसे मंडपात उतरत नाहीत हे समजण्यासारखे आहे. पण श्रावणातल्या बैठकीच्या दिवशी कोणाच्याही घरी महालक्ष्म्या नसतात.

बैठकीला जाऊन मागायचे काय? आरती पुरी व्हावी, एवढे पहिले. रामदासांची मराठी आरती आधी, हिंदी नंतर, दोन्ही सावकाश, आणि मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत तिकिटे, माइक, सूचना सर्व बंद. याला कोणी विरोध करील असे आम्हाला वाटत नाही. शेजारच्या सिंधी काकू आणि वरच्या मजल्यावरचे बिहारी इंजिनियर मोबाइलमध्ये बघून आपली आरती म्हणतात. लिपी एकच, त्यामुळे वाचता येते. 'ळ'चा 'ल' होतो, क्वचित एखादा शब्द भलताच होतो. अशा वेळी आपल्यातले काहीजण एकमेकांकडे पाहून हसतात, ते बरे नव्हे. वर्षातून हेच दहा दिवस असे असतात की शेजारी आपण होऊन मराठी शब्दाचा अर्थ विचारतो. तो नीट सांगावा.

दुसरी गोष्ट मागण्याची नव्हे, देण्याची. गणेशोत्सवाचे दहा दिवस म्हणजेच दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व. भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी. श्वेतांबरांचे पर्युषणही त्याच सुमारास संपते. इंदुरात जैन शेजारी नाही अशी वसाहत शोधूनच काढावी लागेल. या दिवसांत त्यांच्या घरी उपास असतात, सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, कंदमुळे वर्ज्य. आणि आपला भंडारा रात्री नऊला, त्यात बटाट्याची रस्साभाजी! ते बिचारे वर्गणी देतात, हात जोडतात आणि उपाशी वर जातात. भंडारा पाचला ठेवला आणि बटाट्याऐवजी भोपळा चिरला तर गणपतीचे काय अडणार आहे? उलट हे सुचवणारा मराठी माणूस असला तर त्याचा शब्द पुढच्या बैठकीत वजनदार ठरेल. राजकारण म्हणा हवे तर. आम्ही त्याला शेजारधर्म म्हणतो.

पैशांविषयी थोडक्यात. देखभाल निधी लिफ्ट, मोटर आणि चौकीदारासाठी असतो. त्यातून मंडपाचे बिल भरणे आम्हाला गैर वाटते. वर्गणी वेगळी आणि खुशीची असावी, भाडेकरूंकडून घेतली तर त्यांना बैठकीत बोलूही द्यावे, आणि विसर्जनानंतर आठ दिवसांत हिशोबाचा कागद लिफ्टशेजारी लागावा. ज्यांच्या धर्मात हे बसत नाही त्यांच्या दारावर पावतीपुस्तक घेऊन उभे राहू नये. ते दर्शनाला, खेळांना आले तर पहिल्या रांगेत बसवावे.

ध्वनिक्षेपकाबाबत २००० सालचे नियम स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर बंद. सणासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत मोकळीक देऊ शकते, पण ती सवलत आहे, हक्क नव्हे. मल्टीच्या आवारात आवाज चार भिंतींत घुमतो हे आजारी माणसाच्या घरच्यांना विचारावे.

एक इशारा मात्र आताच द्यायला हवा. जुलै २०२२ मध्ये निवडून आलेल्या पालिकेची मुदत २०२७ मध्ये संपते. निवडणूक जवळ येईल तसे मंडपाच्या कमानीवर इच्छुकांचे चेहरे गणपतीहून मोठे होऊ लागतील. कोणी मूर्ती देतो म्हणेल, कोणी साउंड. वेगळा मराठी गणपती बसला तर त्याला पैसे देणारा तर हमखास भेटेल, कारण मराठी मतांचा गठ्ठा एका जागी मोजून मिळेल. कुठल्याही पक्षाच्या पार्षदाने दर्शनाला जरूर यावे, नारळ घ्यावा. कमान मात्र वसाहतीची राहील, असा ठराव बैठकीतच करून ठेवावा. ऐन चतुर्थीला सकाळी भांडत बसण्यापेक्षा ते सोपे.

मंडळाने आरत्यांची एक लहान पुस्तिका तयार करायला घेतली आहे. डाव्या पानावर मराठी आरती मोठ्या टायपात, उजव्या पानावर कठीण शब्दांचे हिंदी अर्थ. किंमत नाही. ज्या रहवासी संघांना प्रती हव्या असतील त्यांच्यातील मराठी सभासदाने आपल्या वसाहतीचे नाव आणि घरांची संख्या नारळी पौर्णिमेपूर्वी कार्यालयात लिहून द्यावी. नाव देणाऱ्याने आपल्या संघाच्या बैठकीला हजेरी लावलेली असावी, एवढीच अट आहे.